आमचं गाणं डब्यात, त्यांचं फलाटावर

डोंबिवली ते सीएसटी असा बावीस वर्षं मी रोज प्रवास केला. त्यातली अठरा वर्षं आमच्या बायकांच्या डब्यात टाळ वाजवला. मंगळवारी देवीची गाणी, गुरुवारी दत्ताची, एकादशीला अभंग. दिवा गेलं की पहिला गजर, भायखळा आलं की आरती. दसऱ्याला डब्याला झेंडूचं तोरण. बँकेतून निवृत्त झाले तेव्हा मैत्रिणींनी माझे टाळ मलाच भेट दिले.

म्हणून लेकीने विचारलं, "आई, या खेपेला काय बघायचंय तुला?" तेव्हा मी म्हटलं, स्टेशनं. लिबर्टीचा पुतळा, नायगरा मागच्या वेळी झाले होते. तेव्हा न्यूयॉर्कच्या सबवेत धावत धावत एक सॅक्सोफोन ऐकला होता आणि थांबता आलं नव्हतं. ते राहून गेलं होतं. (आपल्याकडे सबवे म्हणजे रुळांखालून पलीकडे जायचा बोगदा. तिथे सबवे म्हणजे अख्खी भुयारी रेल्वे.)

पहिला दिवस, सोमवार

लेकीचं घर जर्सी सिटीत, जर्नल स्क्वेअरपासून चालत दहा मिनिटांवर. जवळच्या न्यूअर्क अव्हेन्यूवर पोह्यांपासून पूजेच्या कापरापर्यंत सगळं मिळतं. जर्नल स्क्वेअरहून पाथ नावाची गाडी हडसन नदीच्या खालून मॅनहॅटनला जाते. या रेल्वेची पहिली गाडी 1908 मध्ये धावली. जावयांनी कार्ड दिलं होतं, "आई, हे नुसतं टेकवायचं. आणि हरवलात तर तिथेच थांबा, मी येतो." हरवले नाही.

33व्या रस्त्यावर उतरले की लगेच सबवेचं हेराल्ड स्क्वेअर स्टेशन. एकदा आत शिरलं की अंतर कितीही असो, भाडं तेवढंच. बाहेर पडेपर्यंत कितीही वेळ आत राहावं. माझ्यासारखीला हे फारच सोयीचं.

एन, क्यू, आर गाड्यांच्या फलाटावर डोक्याच्या जरा वर एक लांब हिरवी पट्टी टांगलेली आहे. येणारे-जाणारे तिच्याकडे बघतही नाहीत. क्रिस्टोफर जॅनी या कलाकाराने नव्वदच्या दशकात बसवलेलं ते वाद्य आहे. पट्टीतल्या भोकांसमोर हात हलवला की आतून सूर उमटतात. कधी लाकडी पट्ट्यांवर ठोकल्यासारखा, कधी बासरीसारखा, कधी रानातल्या पाखरांचा. समोरच्या फलाटावरही तशीच पट्टी. मी हात हलवला, सूर निघाला. पलीकडे शाळेचं दप्तर लावलेला एक मुलगा उभा होता, त्याने त्याच्या बाजूचा हलवला. दोन-तीन वेळा असं झालं. मग मधल्या रुळांवरून गाडी आली आणि गेली, तेव्हा तो तिथे नव्हता.

त्याच फलाटाच्या टोकाला गिटारवर गाणारा एक तरुण होता. माइक नाही, स्पीकर नाही. चार ओळी गायला की गाडी यायची. भुयारात तो आवाज छातीत घुसतो, गाणं पार बुडतं. मी त्याच्या बोटांकडे बघत राहिले. काही ऐकू येत नसतानाही बोटं तारांवर चालूच होती, ओठही हलत होते. गाडी निघून गेली तेव्हा तो बरोबर गाण्याच्या त्याच जागी होता, जिथे पोचला असता. ठाण्याजवळ पारसिकच्या बोगद्यात आमचंही असंच व्हायचं. आवाज बुडायचा, पण टाळ थांबवायचा नाही, बोगदा संपला की सगळ्या एकाच समेवर हजर.

फरक एवढाच की आमच्या बोगद्यानंतर डब्यातली माणसं तीच असायची. त्याच्यासमोरची सगळी त्या गाडीने नेली होती.

दुसरा दिवस, मंगळवार

टाइम्स स्क्वेअर-42वा रस्ता. इतके मार्ग इथे एकमेकांना छेदतात की फलाटांच्या वर एक पूर्ण मजला नुसता इकडून तिकडे जाण्यासाठी आहे. त्याला ते मेझनीन म्हणतात. या मजल्यावर रॉय लिक्टेनस्टाइन यांचं 53 फूट लांबीचं भित्तिचित्र आहे. ते गेल्यानंतर, 2002 मध्ये हे चित्र इथे लागलं. चित्र झकास आहे, पण मी दोनच मिनिटं बघितलं, कारण पलीकडून ठेका ऐकू येत होता.

रंगाच्या रिकाम्या बादल्या. प्लॅस्टिकच्या, पांढऱ्या, पाच गॅलनच्या. चार पालथ्या घातलेल्या, शेजारी एक जुनी कढई आणि लोखंडी जाळीचा तुकडा. वाजवणारा तिशीचा असेल, खाली दुधाच्या क्रेटवर बसलेला. मी अगदी जवळ जाऊन उभी राहिले. बादलीच्या मधोमध काठी पडली की आवाज बंद, जाड. काठावर पडली की टणक. आणि खरी गंमत पायात होती. मधल्या बादलीची एक कड तो बुटाच्या टोकाने जराशी उचलायचा, त्याच क्षणी काठी मारायचा, की आतली हवा खालून सुटून खोल घुमारा निघायचा. पाय टेकवला की घुमारा बंद. डग्ग्यावर मनगट दाबून घिस्सा काढतात तसाच विचार, फक्त पायाने. त्याला हे कोणी शिकवलं असेल का? मला वाटतं, बादलीनेच शिकवलं.

त्याच्याभोवती माणसं कशी उभी राहिली ते सांगायलाच हवं. कोणी आखून दिलेलं नसताना अर्धवर्तुळ झालं, आणि त्याच्या मागून जाणाऱ्यांसाठी भिंतीलगत वाट आपोआप मोकळी राहिली. पाठीवर खाण्याच्या डब्यांची चौकोनी पिशवी घेतलेला पोऱ्या. बाबागाडीतलं बाळ आणि त्याची सांभाळणारी. सूट घातलेले दोघे. ऐंशीच्या घरातल्या एक आजी, हातात काठी, त्या कमरेतून हलत होत्या आणि त्यांना कोणी बघतंय याची त्यांना फिकीर नव्हती. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. पण ठेका बदलला तेव्हा सगळ्यांनी एकदम एकमेकांकडे बघितलं. रोजच्या आयुष्यात ही माणसं एका खोलीत कधी आली असती, असं मला वाटत नाही. तिकीट काढून ऐकायच्या सभागृहात तर नक्कीच नाही.

त्याच्या शेजारी त्याचं नाव असलेला एक कापडी फलक होता, वर 'म्युझिक अंडर न्यूयॉर्क'. तिथल्या वाहतूक प्राधिकरणाची ही योजना, 1985 पासूनची. निवड झालेल्या साडेतीनशेहून जास्त वादक-गायकांना गर्दीच्या जागा आणि वेळा वाटून दिल्या जातात. पगार नाही. समोर पडेल तेच मानधन. मी दोन डॉलर टाकले, मग पर्स बंद करता करता आणखी तीन.

वर रस्त्यावर आले ते एक खास गोष्ट ऐकायला. ब्रॉडवेवर 45व्या आणि 46व्या रस्त्यांच्या मधे पायाखाली लोखंडी जाळी आहे, भुयाराला हवा पुरवणारी. त्या जाळीच्या खालून एक अखंड घुमता नाद येतो, मोठी घंटा वाजून गेल्यावर मागे राहतो तसा. मॅक्स न्यूहाउस या कलाकाराने 1977 मध्ये तो तिथे बसवला, 1992 मध्ये बंद झाला, 2002 मध्ये पुन्हा सुरू झाला. पाटी नाही, बाण नाही. हजारो माणसं त्यावरून चालत जातात आणि त्यांना तो सबवेचाच आवाज वाटतो. मी डोळे मिटून उभी राहिले. तानपुरा लावून कोणीतरी खाली बसलंय आणि गाणारा अजून यायचाय, असं वाटत होतं. पाऊण तास तिथेच गेला.

तिसरा दिवस, बुधवार

पाऊस. गुडघ्यांनीही नकार दिला. घरी बसून लेकीच्या संगणकावर वाचत बसले आणि त्यातून कालचा कापडी फलक मला नीट कळला.

न्यूयॉर्कमध्ये 1936 मध्ये महापौर ला गार्डिया यांनी रस्त्यावरच्या वादकांना परवाने देणं थांबवलं. ती बंदी 1970 पर्यंत टिकली. भुयारात तर त्यानंतरही वाजवणं गुन्हा होता. मग रॉजर मॅनिंग नावाच्या गिटारवाल्याला पकडलं, खटला उभा राहिला आणि 1985 मध्ये न्यायालयाने ही सरसकट बंदी राज्यघटनेत बसत नाही असं ठरवलं. ज्या वर्षी खटल्याचा निकाल, त्याच वर्षी योजनेची सुरुवात. पुढे 1990 मध्ये दुसऱ्या एका खटल्यात न्यायालयाने फलाटावर ध्वनिवर्धक नको हा नियम मात्र मान्य केला. म्हणून सोमवारच्या त्या गिटारवाल्या तरुणाकडे माइक नव्हता.

आजचे नियम मला शहाणपणाचे वाटले. योजनेत नाव नसलं तरी स्टेशनवर कोणीही वाजवू शकतो. पाच फुटांवर 85 डेसिबलच्या वर आवाज नको. तिकिटाच्या खिडकीपासून 25 फूट लांब. जिन्यावर नाही. घोषणा चालू असताना नाही. आणि धावत्या गाडीत अजिबात नाही. (पोरं तरी डब्यात शिरून 'शो टाइम' अशी आरोळी ठोकतात आणि दांड्यांवर कोलांट्या मारतात. पण तो नियमभंगच.)

हे शेवटचं वाचून मी थबकले. आपल्याकडे बरोबर उलटं. आमचं गाणं डब्यात, त्यांचं फलाटावर.

याचं कारण दुपारभर डोक्यात घोळत होतं. आमची गाडी ठरलेली, डबा ठरलेला, सीटसुद्धा ठरलेली. सव्वा तास त्याच बायका, वर्षानुवर्षं. कोणाचं डोहाळजेवण डब्यात, कोणाच्या मुलाच्या बारावीचे पेढे डब्यात. आमचं गाव चाकांवर होतं. स्टेशन म्हणजे फक्त धक्के खाण्याची जागा. संध्याकाळी त्या पुलावर उभं राहायला वीतभर जागा नसते, तिथे वाजवणार कोण आणि ऐकणार कोण? न्यूयॉर्कमध्ये दर चार-पाच मिनिटांनी गाडी, मिळेल ती पकडायची, काल शेजारी कोण होतं कोणाला ठाऊक नाही. तिथे हलत नाही ते फक्त स्टेशन. म्हणून गाव स्टेशनात वसतं.

आणि आमच्या टाळांचा त्रास होणाऱ्याही डब्यात होत्या, हे मला लिहिलंच पाहिजे. बदलापूरहून पहाटे उठून येणारी, तेवढीच झोप मिळणारी एखादी बाई खिडकीला डोकं टेकून डोळे घट्ट मिटून बसायची. तिला उठून जायला दुसरी जागा नव्हती. आम्ही तिला कधी विचारलं नाही. फलाटावर ज्याला नको तो दहा पावलं पुढे जाऊ शकतो, डब्यात नाही. त्या नियमामागचा अर्थ मला साठीनंतर कळला आणि त्या बाईचा चेहरा आठवला.

जोशुआ बेलची गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्या सगळ्यांकडे आलेली आहे. जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक, 12 जानेवारी 2007, वॉशिंग्टनच्या मेट्रो स्टेशनबाहेर 43 मिनिटं साध्या कपड्यांत वाजवत होता. हजाराच्या वर माणसं समोरून गेली, थांबली फक्त सात, जमले 32 डॉलर. माणसांना सौंदर्य कळत नाही, असा त्याखाली निष्कर्ष. मला तो कधीच पटला नाही. सकाळी आठची ऑफिसची वेळ. लेटमार्क काय असतो हे ज्याला माहीत आहे तो त्या हजार जणांना नावं ठेवणार नाही. तोच बेल 2014 मध्ये त्याच शहराच्या युनियन स्टेशनात आधी सांगून वाजवायला आला, तेव्हा तोबा गर्दी झाली. माणसं तीच. वेळ आणि जागा वेगळी.

आपल्याकडेही प्रयत्न झाला आहे. नॅशनल स्ट्रीट्स फॉर परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेने मुंबईतल्या काही रेल्वे स्थानकांवर कलाकार बसवले होते. असं पुन्हा पुन्हा व्हायला हवं. पण त्याआधी रुंद पूल हवेत.

चौथा दिवस, गुरुवार

ग्रँड सेंट्रल, 1913 सालचं. वरच्या भव्य दालनाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, त्यावर लिहीत नाही. शेजारचा व्हँडरबिल्ट हॉल मात्र मला बघायचाच होता. पूर्वी हे प्रतीक्षालय होतं. आता 'म्युझिक अंडर न्यूयॉर्क'च्या निवडचाचण्या इथे होतात. परीक्षकांपुढे प्रत्येकाला पाच मिनिटं. गाडीची वाट बघायच्या खोलीत, वाट बघणाऱ्यांना रिझवणाऱ्यांची परीक्षा. मी गेले तेव्हा दालन मोकळं होतं, दोन माणसं भिंतीशी टेकून फोन बघत होती.

खालच्या मजल्यावर ऑयस्टर बारच्या दारासमोर चार कमानी एकत्र येतात, वर बुटका घुमट. स्पेनहून आलेल्या ग्वास्ताविनो बापलेकांच्या पद्धतीने विटकरीसारख्या पातळ फरशा एकावर एक चिकटवून केलेलं काम. एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून कुजबुजलं की समोरच्या तिरक्या कोपऱ्यात स्पष्ट ऐकू येतं, मधून चालणाऱ्याला काही नाही. माझ्यासोबत कोणी नव्हतं. पलीकडच्या कोपऱ्यात कॉलेजची एक मुलगी मैत्रिणीची वाट बघत होती. मी भिंतीत तोंड घालून हळूच म्हटलं, "पांडुरंग." ती दचकून वळली, हसली, मग भिंतीकडे तोंड केलं आणि माझ्या कानाशी तिचा आवाज आला, "पांडुरंगा?" शेवटचा आकार तिने आपणहून लावला होता. हाक मारताना आपण लावतो तसाच.

तिथून युनियन स्क्वेअर, एक्स्प्रेस गाडीने एकच थांबा. गाडी सुटताना नीट ऐका, हे लेकीने सांगितलं होतं. 2, 4, 5 या मार्गांवरच्या काही गाड्या निघताना तीन सूर काढतात. रुळाशेजारच्या तिसऱ्या पट्टीतून येणारी एकदिश वीज मोटारीसाठी प्रत्यावर्ती करावी लागते, त्या यंत्राची कंपनं टप्प्याटप्प्याने चढतात आणि कानाला सूर वाटतात. सा, मग वर कोमल निषाद, मग शुद्ध धैवत. बर्नस्टाइन या अमेरिकी संगीतकाराच्या एका गाण्याची सुरुवात अशीच आहे, म्हणून इथल्यांना ती लगेच ओळखू येते. मला मात्र ते तीन सूर कोणीतरी खमाजची आठवण काढल्यासारखे वाटले.

युनियन स्क्वेअरचा फलाट वळणावर आहे. गाडी थांबली की फलाटातून सरकत्या पट्ट्या बाहेर येतात आणि फट बुजवतात. चाकांची किंकाळी इतकी की तिथे वाजवणं कठीणच. पण वरच्या मजल्यावर दुपारभर काही ना काही चालू होतं. बुद्धिबळाचे पट मांडून बसलेली माणसं रस्त्यावर, गाणारी खाली. एक चौघांचा गट वाद्यांशिवाय गात होता, पाठीमागच्या दोघांनी टाळ्या आणि खालचा षड्ज धरलेला. नोव्हेंबर 2016 च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर याच स्टेशनाच्या भिंतींवर लोकांनी हजारो रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. मॅथ्यू शावेझ या कलाकाराने 14व्या रस्त्याच्याच दुसऱ्या भुयारी वाटेत टेबल टाकून, चिठ्ठ्या आणि पेन ठेवून ती सुरुवात केली होती. दुःख, राग, धीर, ज्याला जे वाटलं ते. त्यातल्या काही आता संग्रहालयात जपल्या आहेत.

या स्टेशनांत घर नसलेली माणसंही राहतात. गाणाऱ्या चौघांपासून वीस पावलांवर बाकावर एक बाई तीन पिशव्या पायाशी बांधून झोपली होती. अलीकडे काही स्टेशनांत बाक काढून नुसतं टेकायचे तिरके आडवे दांडे लावलेत. कोणी आडवं होऊ नये म्हणून. पण मग माझे गुडघे कुठे बसणार? जागा सगळ्यांची म्हणायची आणि बसायला द्यायचं नाही, हे मला अजिबात आवडलं नाही.

पाचवा दिवस, शुक्रवार

जॅक्सन हाइट्स. डोक्यावरून 7 नंबरची गाडी पुलावरून धडधडत जाते, खाली भुयारात ई, एफ, आर. दुपारी 74व्या रस्त्यावर मोदकाचा साचा आणि कढीपत्ता घेतला. नातीला मोदक करून दाखवायचे आहेत.

संध्याकाळी सहाला खाली फलाटावर उतरले. जिन्याच्या मागच्या बाजूला, खांबाला टेकून, घडीच्या स्टुलावर एक चिनी आजोबा अर्हू वाजवत होते. दोन तारांचं वाद्य, मांडीवर उभं धरायचं. गज दोन तारांच्या मधूनच जातो, त्यामुळे तो वाद्यापासून वेगळा काढताच येत नाही. खाली लहानसा डबा, त्यावर अजगराचं कातडं मढवलेलं. सारंगीच्या घराण्यातला आवाज, पण जास्त एकाकी. गजाच्या खाली कातड्यावर राळेची पांढरी भुकटी साठली होती, गज फिरला की त्यातली थोडी हवेत उडायची आणि दिव्यात दिसायची.

एफ गाडी आली. मी चढले नाही. पुढचीही सोडली. बावीस वर्षांत मी कधी आपण होऊन गाडी सोडली नव्हती. शेजारी एक बांगलादेशी फळवाला रिकामे खोके घेऊन उभा होता, त्यानेही एक सोडली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली.

चौथ्या की पाचव्या धुनेनंतर आजोबांनी थांबवलं. मळका पिवळा रुमाल काढून कातड्यावरची राळ पुसली, गजाचे केस सैल केले, गज वाद्याच्या दांड्याला लावून ठेवला. समोर जमलेले डॉलर न मोजता खिशात घातले. स्टूल मिटलं. मग तेही फलाटाच्या पिवळ्या पट्टीमागे आमच्यासारखेच उभे राहिले, मान वाकवून, बोगद्यात उजेड दिसतो का बघत.

गाडी आली. डबा भरलेला होता, पण एकाने उठून त्यांना जागा दिली, त्यांच्या शेजारची मला मिळाली. ते वाद्य उभं धरून बसले, दोन स्टेशनं गेली तशी मान त्यावर टेकली. मी पिशवी मांडीवर घेतली. मोदकाचा साचा आतल्या डब्यावर वाजत होता, मी त्यावर हात ठेवला. 34व्या रस्त्यावर मी उतरले तेव्हा ते झोपलेले होते. एफ गाडी पुढे चायनाटाउनकडे जाते.